हाताला बसेल तो बेस!

रात्रीचे साडेअकरा. सकाळी एका मासिकाला मजकूर द्यायचा होता, मी दुसऱ्या कॉफीवर होते आणि फोन वाजला. बीडहून मामेभाऊ. या वेळेला त्याचा फोन आला की समजायचं, एक तर प्रोग्रॅम संपलाय किंवा घरात कुणीतरी आजारी आहे.

"ताई, बेस विकून टाकायलोय."

"का रे? काय झालं?"

"हात लई दुखायलाय गं. अर्धा प्रोग्रॅम झाला की डाव्या हाताला मुंग्या येतात. बोटंच आखूड आहेत माझी. त्याला काय करणार?"

कॉफी बाजूला ठेवली. कारण हे वाक्य मी ओळखते. आठ वर्षांपूर्वी, मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मीही अगदी हेच म्हणाले होते. कॉलेजच्या बँडला बेसिस्ट मिळत नव्हता म्हणून मला पकडलं होतं. (बेसिस्ट असेच तयार होतात. आवडीनं फार थोडे, बाकी सगळे 'कुणीतरी हवं होतं' कॅटेगरीतले!) एका दुकानात गेले, तर काउंटरवरचा माणूस माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "मुलींना बेस झेपत नाही, उकुलेले बघा." मी चिडून समोरचा सगळ्यात दणकट बेस उचलला आणि पुढचं वर्षभर मनगट चोळत बसले. मोहिनी डे नावाची मुंबईची मुलगी ए. आर. रहमानपासून जगभरातल्या कलाकारांबरोबर बेस वाजवते, हे त्या गृहस्थांना कुणीतरी सांगायला हवं. असो.

तर आमचे बंधुराज. पेठ बीडला राहतात, दिवसा झेरॉक्स सेंटर सांभाळतात आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवतात. लग्नं, वाढदिवस, जयंती, जत्रा, गणपती, मिळेल ती सुपारी. बीड जिल्ह्याचं गणित तुम्हा पुणे-मुंबईकरांना चटकन कळणार नाही. दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघून जातात आणि कारखाने बंद झाले की परत येतात. मग उन्हाळ्यात लग्नं, जत्रा आणि भीमजयंती एकदमच अंगावर येतात. वर्षाची कमाई त्या दोन-अडीच महिन्यांत. आणि हा फोन होता फेब्रुवारीतला. दिवाळीत हप्त्यांवर घेतलेल्या बेसचे अजून सात हप्ते बाकी.

"कोणता घेतलायस?"

"पाच तारांचा! ऑनलाइन. सगळे म्हणले, प्रोफेशनल लोक पाच तारांचाच वाजवतात."

सगळे म्हणले. या 'सगळ्यां'ना एकदा गाठून बोलायचंय मला.

पुढच्या शनिवारी एसटी पकडली. बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला रेल्वे आली, पिढ्यान् पिढ्या वाट बघून झाल्यावर. पण माझं बीड अजून नगर, कडा, आष्टी असंच येतं. सोबत बॅगेत स्टीलची पट्टी. मामी म्हणाली, "पुण्याहून पट्टी कशाला आणलीस, इथं मिळत नाही का?" मिळते मामी. मिळत नाही तो बेस. आम्ही सुभाष रोडच्या आसपास फिरून आलो. तबले, ढोलकी, पेट्या, टाळ सगळं मिळालं, दोन-चार गिटारीही दिसल्या. पण हातात घेऊन बघावा असा एकही बेस आम्हाला मिळाला नाही. आणि सगळ्या गोष्टीची मेख इथंच आहे. चपला आपण घालून बघतो, जीन्स ट्रायल रूममध्ये नेतो आणि चार-पाच किलोचं वाद्य मात्र फोटो बघून मागवतो. रंग कसा भारी आहे, एवढंच बघून!

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, दहावीच्या भूमितीपेक्षा सोपं आहे.

बेसच्या मानेच्या वरच्या टोकाला, जिथं खुंट्या सुरू होतात तिथं, एक छोटी आडवी पट्टी असते. तिच्या खाचांमधून तारा जातात. तिला म्हणतात नट. (सिनेमातला नव्हे.) तिथं मान किती रुंद आहे ते डाव्या हाताचं माप. खाली, पोटावर, जिथं तारा अडकवलेल्या असतात तो ब्रिज. तिथं एका तारेच्या मध्यापासून शेजारच्या तारेच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे ते उजव्या हाताचं माप. दोन हात, दोन मापं. लोक एकाच मापावर बोलत बसतात आणि फसतात.

उदाहरण घ्या. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ चा. त्याआधी बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं राहून वाजवायचं ते अवजड वाद्य. नंतर १९६० मध्ये त्याच कंपनीचा जॅझ बेस आला. आज बाजारात मिळणारे कितीतरी बेस या दोघांचेच भाऊबंद. जॅझची मान नटपाशी साधारण ३८ मिलीमीटर. प्रिसिजनची बऱ्याच मॉडेल्सवर ४१ च्या पुढे आणि जुन्या काही मॉडेल्सवर चक्क ४४. त्यामुळे 'जॅझ बारीक, प्रिसिजन जाड' असा एक फंडा सगळीकडे चालतो. पण खाली ब्रिजपाशी बघा. दोघांचंही अंतर जवळजवळ तेच, १९ मिलीमीटर. म्हणजे उजव्या हाताला काही फरकच नाही! आणि डाव्या हातालाही फरक पडतो तो वरच्या टोकाला. बाराव्या फ्रेटपर्यंत खाली या, दोन तारांमधल्या अंतरातला फरक एक मिलीमीटरसुद्धा उरत नाही. तुम्ही वर, पहिल्या पाच फ्रेट्समध्ये वाजवणारे असाल तर ३८ आणि ४१ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक. खाली उड्या मारणारे असाल तर पैसे वाचवा.

भावाचा बेस मांडीवर घेतला आणि पट्टी लावली. नट ४५. ब्रिजवर १६.५.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? थांबा, गंमत इथंच आहे. पाच तारांच्या बऱ्याच बेसवर हीच मापं असतात, आयबानेझच्या एसआर मालिकेतल्या पाच तारांच्या बेसवरही हीच, आणि लाखो लोक त्यावर मजेत वाजवतात. त्या वाद्यात खोट काहीच नाही. पण हिशोब करून बघा. ४५ मधून दोन्ही कडांची जागा वजा केली की पाच तारांना मिळून ३८ च्या आसपास उरतात. म्हणजे दोन तारांमध्ये साडेनऊ. चार तारांच्या ३८ च्या मानेवर तेच अंतर दहाच्या थोडं वर जातं. थोडक्यात, भावाची मान जास्त रुंद आणि तारा मात्र जास्त चिकटून! डाव्या हाताला लांब जायचंय आणि पोचल्यावर जागाही कमी. त्यात तारा सारख्या जाडीच्या नसतात. नेहमीच्या सेटमध्ये सगळ्यात बारीक तार १.१ मिलीमीटरची, चौथी २.७ ची आणि पाचवी, ती भारदस्त बी स्ट्रिंग, ३.३ ची. मध्यापासून मध्यापर्यंत अंतर सारखं ठेवलं तर जाड तारांमधली मोकळी जागा आणखी कमी होते. म्हणून चांगला कारागीर नट कापताना तारांच्या मध्यांऐवजी त्यांच्या मधल्या फटी सारख्या करतो. नवीन नट कापून घेणं हे फार खर्चाचं काम नाही. मान तासून घेणं मात्र डोक्यातून काढून टाका.

"म्हणजे बोटं आखूड नाहीत माझी?" भावाचा प्रश्न.

हात मोजला. माझ्यापेक्षा मोठा निघाला, लबाड.

पण एक सांगायला हवं. सगळं पाप मानेच्या माथी मारून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही. मी त्याला उभं राहून वाजवायला सांगितलं आणि बघतच राहिले. पट्टा एवढा लांब की बेस गुडघ्याच्या वर जेमतेम चार बोटं. कूल दिसतं, मान्य. पण त्या उंचीवर पाचव्या तारेपर्यंत पोचायला मनगट काटकोनात वळवावं लागत होतं. पट्टा आखडला, बेस बेंबीच्या वर आणला, मानेचं टोक थोडं उंच केलं. मनगट जवळजवळ सरळ झालं. अंगठा मानेवरून वर डोकावत होता, तो मागे, मधल्या बोटाच्या समोर आणला. अर्धा त्रास तिथंच गेला. स्टाइल पण गेली म्हणून साहेब तासभर फुगून बसले होते, ते वेगळं.

दुसरा हट्ट म्हणजे 'एका फ्रेटला एक बोट'. यूट्यूबवरचे गुरुजी सांगतात आणि पोरं ऐकतात. नेहमीच्या बेसची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच, ८६४ मिलीमीटर. त्यावर पहिल्या फ्रेटच्या तारेपासून चौथ्या फ्रेटच्या तारेपर्यंत १३ सेंटिमीटर होतात. टाका बघू एवढा पसरून पंजा, दोन तास! उभा बेस वाजवणारे जुने लोक वरच्या भागात तीन फ्रेट्सना चार बोटं वापरायचे, तिसरं आणि करंगळी जोडीनं. तेच इथं करायला काय हरकत आहे? किंवा मग शॉर्ट स्केल घ्या, ३० इंचाचा. त्यावर तेच अंतर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत येतं. शॉर्ट स्केल म्हणजे लहान मुलांचं खेळणं, असं म्हणणाऱ्यांना विचारा, पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हँबर्गमध्ये घेतलेला हॉफ्नर कितीचा होता? तीसचाच. बीटल्सची सुरुवातीची कितीतरी गाणी त्याच्यावर झाली.

आपल्याकडे हे काही नवीन नाही खरं तर. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांना विचारा. मर्दानी तंबोरा वेगळा, जनानी वेगळा. मुळात ते स्वरासाठी, बाईचा आवाज उंच म्हणून तंबोरा लहान. पण गाणाऱ्याला बघून वाद्य काढायचं, ही पद्धत तिथं पिढ्यांची आहे. तबल्याचं तोंडसुद्धा आपण स्वर सांगून मागतो. बेस गिटार आली कारखान्यातून, आणि आपण समजून बसलो की चुकलंच तर आपलंच काहीतरी चुकलं असणार.

संध्याकाळी आम्ही पुठ्ठ्याचा उद्योग केला. हा माझा लाडका उद्योग आहे, ज्यांच्या गावात बेसचं दुकान नाही त्यांनी जरूर करावा. मामाकडे लग्नपत्रिकांचा ढीग, त्यातल्या जाड पत्रिका घेतल्या. ३८, ४१ आणि ४५ मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर तारांच्या रेघा ओढल्या आणि लाटण्याला चिकटवून हातात धरल्या. मामी लाटण्यासाठी ओरडत होती, पण विज्ञानासाठी एवढं चालतं. मग एका सपाट पुठ्ठ्यावर उजव्या हातासाठी रेघा, एकीकडे १९ च्या अंतरानं चार, दुसरीकडे १६.५ च्या अंतरानं पाच. डोळे मिटून बोटं चालवायची. १६.५ वर भावाचं बोट दर तिसऱ्या वेळी शेजारच्या रेघेवर पडत होतं. त्याची बोटं आखूड नाहीतच. जाड आहेत! ज्याची बोटं सडपातळ आणि वाजवणं जलद, त्याला हेच १६.५ वरदान वाटेल, कारण एका तारेवरून दुसरीवर जायला बोटाला कमी जागा कापावी लागते. अंगठ्यानं थाप मारून आणि तार ओढून वाजवणाऱ्या स्लॅपवाल्यांना मात्र १९ ची मोकळीक हवी असते.

लाटण्यावरून मानेची जाडी कळत नाही, हे कबूल. ती साधारण दोन सेंटिमीटरच्या आसपास फिरते, पण आकार फसवा असतो. दोन माना सारख्याच जाडीच्या असतात, एकीची पाठ इंग्रजी सी सारखी गोल, दुसरीची यू सारखी खांदे असलेली, आणि दुसरी हातात दुप्पट भरते. माझा अनुभव उलटाच आहे. फार बारीक मान हातात आली की मी ती चिमटीत दाबून धरते आणि अंगठा दुखतो. थोडी भरलेली असली की पंजा आपोआप सैल राहतो. कॅटलॉगमधल्या 'अल्ट्रा स्लिम नेक'ला म्हणूनच भुलू नका.

मग मी त्याला शेवटचा प्रश्न विचारला. तुमच्या ऑर्केस्ट्राच्या यादीत गाणी किती?

"चाळीसेक."

"त्यातल्या कितींमध्ये पाचवी तार लागते?"

बोटं मोजायला लागला. मामा मधेच म्हणाले, "आर. डी.च्या गाण्यातला तो बेस आठवतो का, त्याला कुठं पाच तारा होत्या?" मामांना नाव माहीत नव्हतं, मी सांगितलं, टोनी वाझ. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातले बेस गिटारिस्ट. तोवर भावाचा हिशोब झाला होता. चार गाणी. त्यातली तीन अशी की चौथी तार एक सूर उतरवून, ई ची डी करून, आरामात वाजतील. उरलं एक.

एका गाण्यासाठी हात दुखवून घेत होता बिचारा. आणि हप्ते भरत होता.

मुंग्यांसाठी मात्र मी पट्टीवर भागवलं नाही. सोमवारी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दोन आठवडे वाजवणं बंद आणि थोडे व्यायाम सांगितले. तुम्हालाही सांगते, विशेषतः दिवसभर माउस आणि रात्री बेस असं डबल ड्यूटी करणाऱ्या हिंजवडीकरांना. दुखणं एक वेळ पट्टा आखडून जाईल. बधिरपणा राहिला तर आधी डॉक्टर, मग दुकान.

मार्चमध्ये तो पुण्याला आला, सोबत पाच तारांचा बेस. विकायला. दुकानात मी एक अट घातली, बेसच्या माथ्यावरची नावं बघायची नाहीत. नॅपकिननं झाकून एकेक हातात दिला. प्रत्येकावर एकच गाणं, उभं राहून, स्वतःच्या पट्ट्यावर, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पाच मिनिटांत काहीच कळत नाही, पाच मिनिटं कुठलाही बेस छान वाटतो. (माणसांचंही तेच, पण तो वेगळ्या कॉलमचा विषय.) पहिल्या फ्रेटपाशी वाजव, पाचव्यापाशी वाजव, मग बसून वाजव. दुकानातला पोरगा आधी वैतागला, नंतर त्यालाच मजा यायला लागली आणि तो स्वतः गोदामातून आणखी दोन घेऊन आला.

मला खात्री होती, भाऊ ३८ वाला उचलणार. त्यानं उचलला ४१ चा. वर मोकळी जागा, खाली १९, पाठ गोल आणि थोडी भरलेली. शॉर्ट स्केलवर त्याचा हात सगळ्यात सुखात होता, पण त्याला तिची खालची तार सैल वाटली. "जयंतीच्या मिरवणुकीत नाही ऐकू येणार ती," म्हणाला. त्याचं त्याला माहीत. नॅपकिन काढला तर सेकंडहँड, चार तारांचा, कोपऱ्याला टवका उडालेला, आणि किंमत त्याच्या पाच तारांच्या बेसच्या निम्म्याहून कमी. जुना विकून आलेल्या पैशांत नवा आला आणि राहिलेल्या हप्त्यांपैकी चार फिटले. घासाघीस मी केली, हे इथं नोंदवून ठेवते.

१४ एप्रिलच्या रात्री मी मुद्दाम जागी होते. दीड वाजता फोन आला.

"ताई, सलग तीन तास वाजवलं."

"हात?"

"मस्त. पट्टा आखडून घेतला होता. पोरं हसायलती, मी नेकर वर ओढल्यासारखा दिसायलो म्हणून."

"आणि मालक? चार तारा बघून काय म्हणाले?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"म्हणले, एक तार कमी केलीस, मग मानधनातनं पण कमी करू का पाचवा हिस्सा?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणलं करा की. मग त्या एका गाण्याला मी गप बसतो."

मानधन कापलं नाही. ते गाणं आता कीबोर्डवाला डाव्या हातानं वाजवतो.